साठच्या वेगाचे आकडे

गोल फिरून माणूस कुठेच पोहोचत नाही, हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. मी एकतीस वर्षं गोल फिरतो आहे. आमच्या चाचणी केंद्राचा ट्रॅक चार किलोमीटरचा, अंड्याच्या आकाराचा. त्यावर ठरलेल्या वेगाने गाडी चालवायची, ती पेट्रोल किती पिते ते मोजायचं, आणि जिथून निघालो तिथेच आणून उभी करायची. शेजारी विचारतात, "आज कुठं दौरा?" मी म्हणतो, "नेहमीच्याच गावाला." दिवसाला तीनशे किलोमीटर चालवून घरी येतो आणि दमलो म्हणतो, तर बायको म्हणते, "दिवसभर बसून तर असता." तिचंही खोटं नाही. बसूनच असतो, पण तो एक उजवा पाय बसलेला नसतो, हे तिला कोण सांगणार?

केंद्रात मला ओळंबा म्हणतात. एका जुन्या मेकॅनिकने ठेवलेलं नाव आहे. भिंत सरळ आहे का हे गवंडी ओळंबा सोडून बघतो, तसा वेग बरोबर आहे का हे माझा पाय बघून ठरवायचं, असा त्याचा विनोद. साठ म्हटलं की साठ. वेग एक किलोमीटरने इकडेतिकडे झाला की फेरी बाद, असा आमचा नियम, आणि माझी फेरी बाद झालेली कुणाला आठवत नाही. मला दुसरं काही येत नाही. चार लोकांत बोलता येत नाही, पोहता येत नाही, घरातली कडी मोडली तर मी सुतार बोलावतो. देवाने एक पाय दिला, त्यावर एकतीस वर्षं काढली. माझ्या आधीचा ड्रायव्हर गुडघ्यापायी गाडीतून उतरला तो चाव्यांच्या खिडकीत जाऊन बसला. सकाळी चाव्या देतो, संध्याकाळी घेतो, मधल्या वेळात पेंगतो. त्याच्याशी बोलताना मी नेहमी घाईत असल्यासारखं दाखवतो.

तर या वेळची गाडी हायब्रिड होती. म्हणजे पोटात दोन जीव, एक पेट्रोलचं इंजिन आणि एक बॅटरीवरची मोटर. कधी कुणी ओढायचं हे गाडी स्वतःच ठरवते. एकत्र कुटुंबासारखं आहे, काम झालेलं दिसतं, केलं कुणी ते कळत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीला इतकंच हवं होतं, की वेग वाढवत नेला तर एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते. चाळीसपासून एकशेवीसपर्यंत, दहादहाच्या पायऱ्यांनी, प्रत्येक वेगाला पाच वेळा. गाडीत आपोआप वेग धरून ठेवायचं बटण आहे, पण आमच्या पद्धतीच्या पुस्तकात पायानेच चालवायचं लिहिलंय, कारण गिऱ्हाईक पायानेच चालवतं.

माझ्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन मॅडम बसायच्या. मॅडम म्हणजे आमच्या इंजिनिअर, वय सत्तावीस, माझ्या लेकीएवढ्या. केंद्रात येऊन त्यांना सव्वा वर्ष झालं होतं. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला काका. या गाडीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला दम दिला होता, "काका, हायब्रिडमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवायची. फेरी सुरू करताना बॅटरी जेवढी भरलेली, तेवढीच ती संपवताना पाहिजे. नाहीतर आपण म्हणू पेट्रोल वाचलं, आणि वाचलेलं काहीच नसेल, बॅटरी रिकामी झालेली असेल."

"म्हणजे उपास केला म्हणायचं आणि चोरून खायचं," मी म्हणालो.

"अगदी तसंच."

वरचे वेग पटापट झाले. एकशेवीसला एका लिटरमध्ये अठरा किलोमीटर, शंभरला बावीस, ऐंशीला सव्वीस. पाचही वेळा जवळपास तोच आकडा. जोरात पळवली की जास्त पिते, यात नवल काही नाही. मग आम्ही साठला आलो, आणि तिथे आमच्या नाकी नऊ आले. पहिल्या खेपेला एकतीस, दुसऱ्याला सत्तावीस, तिसऱ्याला तीस, चौथ्याला पंचवीस. तीच गाडी, तोच रस्ता, तोच वेग. पन्नासला आणि चाळीसला तर त्याहून वाईट.

मॅडमनी पहिल्यांदा बॅटरी तपासली. ती दर वेळी जिथल्या तिथे. मग टायरमधली हवा, रोज सकाळी थंड असताना मोजली, बरोबर. मग वारा. मैदानावर काठीला फडकं बांधून ते कुठे उडतं हे बघत आम्ही दोघं चहा पीत बसायचो, आणि वारा पडला की धावत गाडीत. वारा पडलेल्या दिवशी अठ्ठावीस आणि चोवीस आले. मग पेट्रोल मोजायचं यंत्र काढून दुसरं लावलं. मग पेट्रोलच बदललं. मी म्हणालो, ट्रॅकच्या उत्तरेकडे डांबर खचलंय, ते बघा. ते बघायला दोन माणसं पट्टी घेऊन आली, वाकून वाकून त्यांची कंबर मोडली, आणि डांबर जसंच्या तसं निघालं. मेकॅनिक हसत म्हणाला, "ओळंबाशेठ, नाचता येईना अंगण वाकडं?" मीही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

असे सोळा दिवस गेले. साठच्या वेगाने चार किलोमीटर म्हणजे चार मिनिटं. एका खेपेला दहा फेऱ्या, म्हणजे चाळीस मिनिटं. त्यात बोलायचं नाही, खिडकी उघडायची नाही, एसी लावायचा नाही. उन्हात ती गाडी भट्टी व्हायची. तेच झाड, तोच खांब, तीच कुंपणाची मोडकी जाळी, पुन्हा तेच झाड. एखाद्या फेरीत वाटायचं, इथेच डोळे मिटावेत, गाडी आपली फिरत राहील. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. संध्याकाळी त्या लॅपटॉप मिटून दोन मिनिटं तशाच बसून राहायच्या, मग म्हणायच्या, "चला काका, उद्या." मीही म्हणायचो, "उद्या." त्या उद्याचा मला वीट आला होता.

सतराव्या दिवशी साहेब ट्रॅकवर आले. साहेब ट्रॅकवर येतात म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं. त्यांनी आकड्यांचा कागद बघितला आणि म्हणाले, "मला कारण नको, आकडा द्या. शुक्रवारी कंपनीची माणसं येणार आहेत." एवढं बोलून ते बूट झटकत निघून गेले.

ते गेल्यावर मॅडम जरा चाचरत म्हणाल्या, "काका, एक करून बघू? नुसतं बघायला. एक खेप त्या बटणावर. गाडीलाच वेग धरू दे. तुम्ही पाय बाजूला घ्या."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे माझ्यावर खापर?"

"खापर नाही हो. सगळं तपासून झालं, म्हणून..."

"मॅडम, तुम्ही शाळेत जात होता ना, तेव्हापासून मी या सीटवर आहे. वेगाची रेघ बघा तुमच्या त्या डबड्यात. एकदा तरी हललीय?"

"नाही हललेली," त्या म्हणाल्या. खरंच नव्हती हललेली. लॅपटॉपवर साठची रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ होती, आणि आमच्याकडे नोंद फक्त वेगाची होते. पाय किती दाबला, किती उचलला, ते कुणी टिपत नाही. वेग बरोबर तर पाय बरोबर, असंच आजवर धरलं गेलंय. "बरं, उद्या बघू," असं म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला. मी गाडीचं दार जरा जोरातच लावलं.

घरी आलो तो फुरंगटूनच. बायको गॅसपाशी होती. मी खुर्चीत बसून बूट काढला, आणि त्यातून काहीतरी टणकन फरशीवर पडून घरंगळत गेलं. बायकोने वाकून उचललं. नट होता, बोटाच्या पेराएवढा. सकाळी वर्कशॉपात बूट काढून ठेवले होते, तेव्हा पडला असणार आत.

"हा दिवसभर बुटात होता?" तिने विचारलं.

"आत्ता पडला असेल कुठून तरी."

तिने माझा पाय धरून वर केला आणि मोजा काढला. टाचेच्या पुढे मोजा रक्ताने चिकटला होता. तळव्यात नटाच्या कडांचा सहा कोनांचा ठसा उमटला होता, कुणी शिक्का मारावा तसा. दोनशे किलोमीटर मी तो नट तुडवत गाडी चालवली होती.

"दुखत नाही?" ती म्हणाली.

"दुखतंय ना."

"कुठं? बोट ठेवून दाखवा. खाली न बघता."

मी बोट ठेवलं ते भलत्याच जागी. तिने माझा पाय मांडीवर घेतला, पाण्याने पुसला, औषध लावलं. ते औषध झोंबतं, लहानपणी ते लावल्यावर सगळ्या पोरांनी बोंब मारलेली आहे. मी वाट बघत होतो झोंबायची.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "लेकीच्या बाळाला बघून आलो ना आपण दवाखान्यातून, त्या दिवशी जिन्यात तुमची चप्पल खाली राहिली. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, असे तुम्ही तीन मजले चढून वर आलात. मी हसले होते. तुम्हीसुद्धा हसलात."

"आनंदात होतो, लक्ष नव्हतं."

"मग मी खाली गेले चप्पल आणायला, आणि पायरीवर बसून राहिले जरा वेळ." तिने पट्टी गुंडाळली. "अहो, अकरा वर्षं साखर आहे तुम्हाला. डॉक्टरांनी तळव्याला दोरा लावून बघितला नव्हता का? कळतंय का, असं विचारत होते."

बघितला होता. डोळे मिटा म्हणाले होते. मी मिटल्यासारखे केले, आणि पापण्यांच्या फटीतून डॉक्टरांचा हात बघून "हो, आता, हो, आता" म्हणत गेलो. डॉक्टर म्हणाले, छान. मीही स्वतःला म्हणालो, छान. हे मी बायकोला तेव्हा सांगितलं नव्हतं, त्या संध्याकाळी सांगितलं. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता माझ्या पायावर हात ठेवला, आणि ठेवलाय हे मला बघूनच कळलं.

जेवण गेलं नाही. आडवा पडून विचार करत राहिलो, आणि एकेक उलगडत गेलं. डॉक्टरांना मी डोळ्यांनी फसवलं, तसंच गाडीलाही डोळ्यांनीच चालवत होतो. पाय आता काही सांगत नव्हता, म्हणून मी काट्याकडे बघून दाबत होतो आणि काट्याकडे बघूनच सोडत होतो. काटा एक किलोमीटरही हलायच्या आत. वेगाची रेघ सरळच राहणार. पण खाली पाय मात्र सतत दाब-सोड, दाब-सोड करत असणार. नुसत्या पेट्रोलच्या गाडीने ते पोटात घातलं असतं. जोरात पळताना हायब्रिडनेही घातलं, तेव्हा इंजिन चालूच असतं. पण साठला, पन्नासला माझ्या प्रत्येक दाबाला तिचं इंजिन जागं होत होतं आणि प्रत्येक सोडीला झोपत होतं. सोळा दिवस ते इंजिन माझ्या कानांशी सुरू-बंद होत होतं, आणि मी समजत होतो की या गाडीची खोडच तशी आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या दोन माणसांनी बिचाऱ्यांनी डांबर मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम काही बोलायच्या आत मी गाडी साठवर नेली आणि बटण दाबलं. पाय उचलून सीटखाली घेतला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. इंजिन हळूच सुरू झालं, बराच वेळ एका सुरात चाललं, मग हळूच थांबलं. मध्ये एकदाही खोकलं नाही. मला पहिल्याच फेरीत कळलं. तरी आम्ही दहा फेऱ्या पुऱ्या केल्या, आणि तशा तीन खेपा. तीस पूर्णांक चार. तीस पूर्णांक पाच. तीस पूर्णांक चार.

मी गाडी कडेला घेतली, बूट काढला, आणि पट्टी दाखवून सगळं सांगितलं. नटाचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याचा राग आला, कारण मी स्वतः अजून रडलो नव्हतो.

"काका, मग आता तुम्ही..."

"आता मी खिडकीत. चाव्या द्यायच्या, चाव्या घ्यायच्या."

थोड्या वेळाने त्यांनी फाइलमधून चाचण्या रद्द करायचा कागद काढला. तो एकच पानाचा असतो. कारण काय, आणि कोणत्या तारखेपासूनच्या चाचण्या रद्द. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, चालकाच्या पायाची संवेदना कमी. वळणदार अक्षर आहे त्यांचं. मग पेन तारखेवर थांबलं.

"या गाडीपासून लिहू ना?" त्यांनी विचारलं.

माझ्या शब्दाशिवाय ती तारीख ठरवायला कुणाकडे काही नव्हतं. वेगाच्या रेघा सगळ्या सरळ होत्या. हो म्हटलं असतं तर एक गाडी, सोळा दिवस, आणि विषय संपला. माझी एकतीस वर्षं शाबूत राहिली असती. ओळंबाचा पाय शेवटच्या महिन्यात गेला बिचाऱ्याचा, असं म्हणाले असते लोक, आणि खिडकीत मला कुणीतरी चहा आणून दिला असता.

"नाही," मी म्हणालो. "माझी नात झाली त्या आठवड्यापासून. चौदा महिने झाले."

मॅडमनी लॅपटॉपवर यादी काढली. चौदा महिन्यांत अकरा गाड्या. त्यांचं बोट वर सरकत गेलं आणि सगळ्यात वरच्या नावावर थांबलं. छोटी पांढरी गाडी. ती त्यांची इथली पहिली गाडी होती. तिच्या अहवालावर त्यांना कायम केलं होतं. साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. पहिल्या पानाचा फोटो त्यांनी आपल्या बाबांना पाठवला होता, आणि बाबांचं उत्तर मला गाडीतच दाखवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, बेटा, दोनदा वाचला, काही कळलं नाही, तिसऱ्यांदा वाचतोय.

"ती तर नुसती पेट्रोलची होती," त्या म्हणाल्या. "तिला पायाने काय फरक पडणार?"

"पडला नसेल."

"मग?"

"पडलाही असेल. मला सांगता येत नाही."

"काका, तुम्हाला सांगता येत नाही?" त्यांचा आवाज चढला. "एक वर्ष मी तुमच्या शेजारी बसले. कुणी काही विचारलं की म्हणायचे, ओळंबा चालवत होता, म्हणजे आकडा बरोबर. मीही तेच म्हणायचे. चौदा महिने तुमच्या पायाला कळत नव्हतं, आणि तुम्ही रोज सकाळी येऊन बसत होता?"

"हो."

"का?"

"उतरायचं नव्हतं."

हे खरं होतं, आणि ते ऐकायला फार वाईट होतं. मग त्यांनी तारीख लिहिली, चौदा महिन्यांपूर्वीची, आणि खाली सही केली. त्यांचा पहिला अहवाल त्यांच्याच सहीने रद्द झाला. माझ्या सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी सही केली.

"अकरा गाड्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या परत चालवाव्या लागतील. आणि ही शुक्रवारच्या आत."

"कोण चालवणार?"

"दुसरं आहे कोण? उतरा तुम्ही. इकडे बसा."

आम्ही जागा बदलल्या. एकतीस वर्षांत मी त्या बाजूला बसलो नव्हतो. लॅपटॉप मांडीवर घेतला तर तो गरम होता. मॅडमनी सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, आणि गाडी साठवर आणायला लागल्या. अठ्ठावन्न, चौसष्ट, सत्तावन्न, बासष्ट. रेघ सापासारखी वळवळत होती. पहिली फेरी बाद, दुसरी बाद, तिसरी बाद. त्यांच्या कपाळावर घाम आला. चौथ्या फेरीत तोंड घट्ट करून, रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "कसं धरायचं ते सांगा ना, काका. तुम्ही कसं धरत होता?"

मी सांगायला तोंड उघडलं. एकतीस वर्षं मी हे एकच काम केलं होतं, आणि सांगण्यासारखा एक शब्द माझ्याकडे नव्हता. कधी दाबायचं, किती दाबायचं, हे मला कधी माहीतच नव्हतं. ते पायाला माहीत होतं.

"काका?"

"मला नाही येत सांगता," मी म्हणालो, आणि मग मला रडू आवरेना. मॅडमनी गाडी थांबवली नाही. एका हाताने त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, वेग चौपन्नावर आला, आणि मी डोळे पुसत लॅपटॉपवर ती फेरीही बाद केली.